मानवी चेहऱ्याची शरीररचना

मानवी चेहरा हा डोक्याचा पुढील भाग होय. वर कपाळावरील केसांची सीमा, खाली हनुवटी व जबड्याची कड आणि दोन्ही बाजूंना कान, अशी त्याची मर्यादा मानली जाते. दृष्टी, गंध व रुची यांची इंद्रिये येथे एकवटलेली आहेत. श्वासाचे आणि अन्नाचे प्रवेशद्वारही येथेच आहे. शरीराच्या इतर भागांहून चेहरा दोन बाबतींत निराळा ठरतो. त्याचे बहुतेक स्नायू हाडांना नव्हे, तर त्वचेला जाऊन मिळतात, आणि त्याचा रक्तपुरवठा विपुल असून एकमेकांशी जागोजागी जोडलेला असतो. पहिल्या वैशिष्ट्यामुळे चेहऱ्यावर भाव उमटतात. दुसऱ्यामुळे चेहऱ्याच्या जखमा लवकर भरतात. या दुसऱ्या वैशिष्ट्याचा इतिहासातील एक ठळक दाखला पुण्याचा आहे. १७९३ साली पुण्याजवळ कुंभार समाजातील एका शस्त्रवैद्याने कापलेल्या नाकाच्या जागी कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसवले. त्या शस्त्रक्रियेचे सविस्तर विवेचन या लेखाच्या उत्तरार्धात केले आहे.

त्वचा आणि अस्थी

चेहऱ्याची त्वचा सर्वत्र सारख्या जाडीची नसते. पापण्यांची त्वचा संपूर्ण शरीरात सर्वांत पातळ असते. नाकाच्या शेंड्याची व हनुवटीची त्वचा जाड, तेलग्रंथींनी भरलेली आणि खालच्या ऊतींना घट्ट चिकटलेली असते. हातापायांच्या स्नायूंवर जसे घट्ट पांढरे आवरण असते, तसे सलग आवरण चेहऱ्याच्या बहुतेक भागात नसते. त्यामुळे गालाला किंवा डोळ्याखाली मार लागला की सूज झपाट्याने चढते. कपाळावर आपटलेल्या मुलाचा डोळा दुसऱ्या दिवशी काळानिळा झालेला पाहून आई घाबरते. मात्र पुष्कळदा इजा डोळ्याला झालेली नसते. कपाळाचा स्नायू भुवयांपाशी हाडाला जोडलेला नसून त्वचेत संपतो, म्हणून त्याच्याखाली साचलेले रक्त अडथळ्याविना पापणीत उतरते.

चेहऱ्याच्या सांगाड्यात १४ अस्थी मोजतात. त्यांपैकी खालचा जबडा तेवढा हलतो. कपाळाचे हाड या १४ मध्ये येत नाही, ते कवटीचे मानले जाते. नाकाचे हाड केवळ वरच्या तृतीयांशापुरते असून खालचा भाग कूर्चेचा असतो. कवटीत नाकाच्या जागी पोकळी दिसते ती याच कारणाने.

गर्भावस्थेतील घडण

चेहऱ्याची घडण गर्भाच्या चौथ्या आठवड्यात सुरू होते. भावी मुखाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे उगवतात: वर मधोमध एक, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे दोन आणि खाली दोन. हे उंचवटे वाढत वाढत मध्याकडे सरकतात व एकमेकांना मिळतात. आठव्या आठवड्याअखेर चेहऱ्याचे रूप ओळखू येऊ लागते. वरच्या ओठाच्या मधोमध जी उभी पन्हळ दिसते ती मधल्या उंचवट्याची खूण आहे. कडेचा उंचवटा मधल्या उंचवट्याला मिळाला नाही, तर बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्मते. टाळूचे दोन भाग जुळले नाहीत तर टाळू दुभंगलेली राहते. ग्रहणात गर्भवतीने काही चिरल्यामुळे असे होते, ही समजूत निराधार आहे. ओठ जुळण्याचे काम सातव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे अनेकींना गर्भारपणाची नुकती कुठे जाणीव झालेली असते तेव्हाच, आटोपलेले असते. शस्त्रक्रियेने हे व्यंग उत्तम प्रकारे दुरुस्त होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. सी. बालकृष्णन यांनी अशा व्यंगांची केलेली विभागणी भारतीय शल्यचिकित्सकांत ‘नागपूर वर्गीकरण’ या नावाने परिचित आहे.

गर्भाच्या मानेपाशी कमानीसारख्या ज्या वळ्या असतात, त्यांतील पहिलीपासून चावण्याचे स्नायू बनतात आणि दुसरीपासून हावभावांचे. प्रत्येक कमानीची चेता ठरलेली असते. स्नायू पुढे कितीही दूर पसरले तरी ते मूळची चेता सोडत नाहीत. गालावर एकमेकांवर असलेल्या दोन स्नायूंना दोन निरनिराळ्या चेता का, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

स्नायू

हावभावांचे स्नायू पातळ पट्ट्यांसारखे असतात. बहुतेकांचे एक टोक हाडाला आणि दुसरे त्वचेला जोडलेले असते. स्नायू आकसला की त्वचा ओढली जाते आणि ओढीच्या दिशेला आडवी सुरकुती पडते. वयाबरोबर कायम होणाऱ्या सुरकुत्या या स्नायूंच्या हालचालींचाच लेखाजोखा असतात.

मराठी भाषेने या स्नायूंची कामे शरीरशास्त्राच्या पुष्कळ आधी टिपली आहेत. ‘कपाळाला आठ्या पडणे’ हे कपाळाच्या उभ्या तंतूंच्या स्नायूचे काम. त्याला डॉक्टर फ्राँटॅलिस म्हणतात; भुवया उंचावतो तोही तोच. भुवया एकमेकींजवळ ओढून त्यांच्यामध्ये उभ्या रेघा पाडणारा छोटा स्नायू वेगळा आहे. उन्हात डोळे बारीक करताना, किंवा गणित अडल्यावर, तो कामाला लागतो. ‘नाक मुरडणे’ या क्रियेत नाकाच्या बाजूने खाली उतरणारा एक चिंचोळा स्नायू नाकपुडी आणि वरचा ओठ एकाच वेळी वर ओढतो. ‘तोंडाचा चंबू करणे’ हे ओठांभोवती कड्यासारख्या असलेल्या स्नायूचे काम आहे. रडू येण्याआधी लहान मुलाची हनुवटी थरथरते आणि तिच्यावर खळगे पडतात, ते हनुवटीच्या स्नायूमुळे.

डोळ्याभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूचे दोन भाग आहेत. पापणीतला भाग हलकेच, आपल्या नकळत, पापणी मिटवतो. बाहेरचा भाग डोळा घट्ट आवळतो. फ्रेंच वैद्य द्यूशेन याने १८६२ साली विजेच्या सौम्य झटक्यांनी चेहऱ्याचे एकेक स्नायू आकसवून असे दाखवले, की आनंदाच्या हास्यात गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या स्नायूबरोबर हा बाहेरचा भागही आकसतो. उसन्या हास्यात तो सहसा स्वस्थ राहतो. अभिनयाचा विचार करणाऱ्यांनी या अवयवांची नोंद त्याहून फार पूर्वी घेतली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात डोळे, भुवया, नाक, गाल, अधर व हनुवटी यांना उपांगे मानून त्यांच्या हालचालींची स्वतंत्र गणना केली आहे. त्यात दृष्टींचेच ३६ प्रकार दिले आहेत.

गालाच्या खोल थरात असलेला स्नायू, ज्याचे लॅटिन नाव बक्सिनेटर ‘तुतारी वाजवणारा’ अशा अर्थाचे आहे, त्याचे रोजचे काम मात्र जेवणातले आहे. घास चावताना गाल आत दाबून तो अन्न दाढांखाली ठेवतो. सनईवादक गाल फुगवून हवा साठवतो आणि नाकाने श्वास आत घेत असतानाच ती साठवलेली हवा सनईत लोटतो. सूर तुटू न देण्याच्या त्या कौशल्यात या स्नायूचा मोठा वाटा असतो. ओठाच्या कोपऱ्याच्या थोडे बाहेर अनेक स्नायूंचे तंतू एका गाठीत गुंफलेले असतात. अंगठा गालाच्या आतून आणि तर्जनी बाहेरून धरली, तर ही गाठ चाचपता येते.

चावण्याचे स्नायू या गटात मोडत नाहीत. ते जाड, बळकट आणि हाडापासून हाडापर्यंत जाणारे आहेत. दात आवळले असता जबड्याच्या कोपऱ्यापाशी व कानशिलावर जे टणक उंचवटे हाताला लागतात, ते यांतील दोन होत.

आनन चेता

हावभावांच्या सर्व स्नायूंना मेंदूकडून निघणाऱ्या चेतांपैकी सातवी चेता हालचालीची आज्ञा देते. तिला आनन चेता म्हणतात. रुग्णालयात ‘फेशियल नर्व्ह’ हे नाव ऐकू येते. तिचा मार्ग अडचणीचा आहे. कानामागच्या हाडातील एका अरुंद, वळणदार बोगद्यातून ती वाट काढते, कानाच्या पाळीमागे बाहेर पडते आणि कानापुढील लाळग्रंथीत शिरते. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच ग्रंथी. ग्रंथीच्या आतच चेतेच्या पाच शाखा होतात आणि पंख्यासारख्या पसरतात. तळहात कानापाशी टेकवून बोटे गालावर फाकवली, तर अंगठा कानशिलाकडे, पुढची बोटे डोळा, गाल व जबडा यांच्याकडे आणि करंगळी मानेकडे जाते; शाखांची दिशा साधारण अशीच असते. लाळग्रंथीतील गाठ काढताना शल्यचिकित्सक या शाखा एकेक करून जपतो, कारण एक तुटली तरी पापणी किंवा ओठ लुळा पडू शकतो.

हाडातल्या बोगद्यात चेतेला सूज आली की तिला पसरायला जागा नसते. मग चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडते. यालाच सर चार्ल्स बेल यांच्या नावावरून बेलचा पक्षाघात म्हणतात. आयुर्वेदात ‘अर्दित’ या संज्ञेखाली अशा विकारांचे वर्णन येते. बोलीत लोक ‘तोंड वाकडे झाले’ असे म्हणतात. रुग्णाला त्या बाजूचा डोळा मिटता येत नाही, चूळ भरताना पाणी ओघळते, घास गालात अडकून राहतो. याच चेतेबरोबर जाणाऱ्या तंतूंमुळे जिभेच्या पुढील भागाची चव बिघडते आणि त्या बाजूच्या कानाला आवाज मोठा वाटू लागतो. पहाटेचा गार वारा लागल्याने हे होते, असा समज घरोघरी आहे. विषाणूमुळे चेतेला येणारी सूज हे कारण अधिक मान्यता पावलेले आहे. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या औषधांचा उपयोग अधिक होतो, म्हणून वाट पाहत बसू नये. उघड्या राहणाऱ्या डोळ्याचे रक्षण तर पहिल्या दिवसापासून करावे लागते, नाहीतर बुबुळ कोरडे पडून दृष्टीला धोका पोहोचतो.

मेंदूतील रक्तस्रावाने किंवा गुठळीने होणारा पक्षाघात याहून वेगळा, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कपाळाच्या स्नायूला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून आज्ञा येतात. मेंदूची एक बाजू निकामी झाली तरी कपाळाला आठ्या घालता येतात; वाकडा होतो तो चेहऱ्याचा खालचा भाग. चेता स्वतःच बिघडली असेल, तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. ही खूण उपयोगी असली तरी घरी बसून निदान करण्यासाठी नाही. तोंड वाकडे होण्याबरोबर हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

चेहऱ्याच्या पक्षाघाताचे मराठी प्रेक्षकांना माहीत असलेले उदाहरण अभिनेत्री ललिता पवार यांचे आहे. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांपासून नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड अपेक्षेपेक्षा जोरात बसली. चेहऱ्याचा पक्षाघात झाला व डाव्या डोळ्याला इजा पोहोचली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, परंतु डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्यानंतर त्यांनी चरित्र भूमिका केल्या, ‘श्री ४२०’, ‘अनाडी’ यांतल्या प्रेमळ स्त्रियाही आणि खाष्ट सासवाही. दूरचित्रवाणीवरील ‘रामायण’ मालिकेतील मंथरा ही तर पुढच्या पिढीलाही ठाऊक आहे. बारीक झालेला तो डोळा त्यांच्या अभिनयाचा भाग बनला. १९९८ साली पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले.

डोळ्याच्या संदर्भात एक भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पापणी मिटवणे आनन चेतेचे काम असले, तरी वरची पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या चेतेच्या ताब्यात असतो. सातवी चेता बिघडली तर डोळा मिटत नाही. तिसरी बिघडली तर तो उघडत नाही.

त्रिशाखी चेता

चेहऱ्यावरील स्पर्श, वेदना आणि उष्ण-शीत यांची जाणीव पाचवी म्हणजे त्रिशाखी चेता मेंदूकडे नेते. कपाळ, वरची पापणी व नाकाचा कणा पहिल्या शाखेकडे; गालाचा वरचा भाग, नाकाची बाजू, वरचा ओठ व वरचे दात दुसरीकडे; खालचा ओठ, हनुवटी, कानशील व खालचे दात तिसरीकडे. जबड्याच्या कोपऱ्यावरील त्वचा मात्र मानेच्या चेतांकडे आहे. चावण्याच्या स्नायूंना हालवणारे तंतूही तिसऱ्या शाखेतूनच जातात. दंतवैद्य सुन्न करण्याची सुई देतो ती या शाखांच्या फांद्यांपाशी. म्हणून दाढ खाली आणि बधिरपणा ओठाला, असा अनुभव येतो.

या चेतेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी घासू लागली, तर दात घासणे, दाढी करणे, वाऱ्याची झुळूक अशा क्षुल्लक निमित्ताने विजेच्या झटक्यासारखी कळ येते. दातदुखी समजून निरोगी दाढा काढून घेतलेले रुग्ण या विकारात आढळतात.

रक्तपुरवठा

चेहऱ्याची प्रमुख धमनी मानेतील बाह्य ग्रीवा धमनीपासून निघते. खालच्या जबड्याच्या कडेवर, दात आवळल्यावर टणक होणाऱ्या स्नायूच्या अगदी पुढे, तिचे ठोके बोटाला लागतात. तेथून ती नागमोडी वळणे घेत ओठाच्या कोपऱ्याजवळून नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत चढते. वळणे निरर्थक नाहीत. जांभई देताना किंवा हसताना गाल ताणला जातो, तेव्हा धमनीलाही ताणाबरोबर लांबता यावे लागते. वाटेत ती खालच्या व वरच्या ओठाला फांद्या देते. डाव्या-उजव्या फांद्या ओठात समोरासमोर मिळतात, म्हणून ओठ कापला तर जखमेच्या दोन्ही कडांतून रक्त उसळते व दोन्हीकडून दाबावे लागते. कानापुढे ठोके लागणारी कानशिलाची धमनी गालाच्या व कपाळाच्या बाजूला रक्त पुरवते.

कपाळाच्या मधल्या भागाचा पुरवठा निराळ्या मार्गाने येतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या आंतर ग्रीवा धमनीची एक शाखा डोळ्याच्या खोबणीत शिरते. तिच्या दोन बारीक फांद्या भुवईच्या आतल्या टोकापाशी व थोड्या बाहेर, हाडाच्या कडेवरून वळून कपाळावर चढतात. मध्यरेषेपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर असलेली आतली फांदी पुढे वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेचा प्राण आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात या शाखेचे आणि चेहऱ्याच्या धमनीचे रक्त परस्परांना मिळते, म्हणजे बाहेरची आणि आतली अशा दोन्ही व्यवस्था तेथे जोडल्या जातात. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातही अनेक धमन्यांचे असेच जाळे आहे. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा येथेच. अशा वेळी डोके मागे टाकण्याची जुनी सवय चुकीची आहे. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरावा.

चेहऱ्याच्या शिरा साधारणपणे धमन्यांना सोबत करतात. मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून आणि गालाच्या खोल भागातून त्या कवटीच्या तळाशी असलेल्या रक्तकोशाशी जोडलेल्या आहेत, आणि या वाटेने रक्त उलट दिशेलाही वाहू शकते. नाकाचा वरचा भाग आणि ओठांचे दोन्ही कोपरे यांमधील त्रिकोणाला धोक्याचा त्रिकोण म्हणतात. त्यातील पुळी पिळल्यास जंतू क्वचित मेंदूच्या दारापर्यंत पोहोचतात. प्रतिजैविके येण्यापूर्वी असे रुग्ण सहसा वाचत नसत.

रक्तपुरवठा हे चेहऱ्याचे बळ. तो तुटला की काय होते हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या अनेक रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला. ही बुरशी नाकातून शिरून धमन्यांच्या भिंतींत वाढते व त्यांत गुठळ्या करते. रक्त न मिळालेली ऊती काळी पडून मरते. लोकांनी तिला ‘काळी बुरशी’ हे नाव दिले ते त्या मेलेल्या ऊतीवरून. बुरशी स्वतः काळी नसते. पुण्यासह राज्यभरातील रुग्णालयांत कित्येकांचा वरचा जबडा, काहींचा डोळा काढावा लागला.

पुण्याची नासिका-पुनर्रचना

नाक हे मराठीत अब्रूचे दुसरे नाव आहे. नाक कापणे ही शिक्षा अनेक राजवटींत दिली जाई, कारण ती कपड्याने झाकता येत नसे. ज्याचे नाक गेले, त्याला बाजारात, पंगतीत, देवळात तोंड दाखवणे अशक्य होई. या शिक्षेमुळे नाक पुन्हा बसवण्याची विद्याही या देशात टिकून राहिली.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये ‘बी. एल.’ अशी सही असलेले एक पत्र चित्रासह छापून आले. त्यातील माहितीनुसार कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. म्हैसूरविरुद्धच्या त्या युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. कावसजी हे नाव आज पारशी वाटते, पण पत्रात त्याची जात स्पष्ट दिलेली आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र पत्रलेखकाने दिले नाही. ती पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, ग्रंथांतून आजवर छापली जातात. ज्याच्या हाताने ती झाली तो केवळ जातीने ओळखला जातो.

पत्रात सांगितलेली कृती अशी. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या खुंटावर दाबून नाकाचा आकार बनवायचा, मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतील त्वचा सोलून सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा न कापता तसाच जोडलेला ठेवायचा. नाकाच्या खुंटावरील जुना व्रण तासून ताजा करायचा व त्याच्या मागे नाकपुड्यांभोवती आणि वरच्या ओठावर चीर द्यायची. कपाळाची त्वचा अर्धा वेढा देऊन खाली वळवायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाका घातल्याचा उल्लेख नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस तेवढेच बंधन. पानाच्या डब्यातला हा कात तुरट असतो, ओल्या जखमेवर तो आवळून बसतो. त्यानंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधला जोडपट्टा कापून नाकाला शेवटचा आकार द्यायचा.

सारे यश त्या जोडपट्ट्यावर अवलंबून होते. त्यातून वर सांगितलेली भुवईच्या आतल्या टोकाची धमनी जाते. कपाळाची त्वचा तिन्ही बाजूंनी सुटी केली, पिळली, खाली वळवली, तरी या एका वाटेने रक्त येत राहते. दरम्यान खुंटाच्या ताज्या कडेतून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास त्या एकट्याने तिला पोसू शकतात. मग जुना पुरवठा तोडता येतो. दहाव्या दिवशी तोडला असता तर नाक काळे पडून गळण्याचा धोका होता. तो पट्टा अभिसरण टिकवतो, हे पत्रलेखकानेही नोंदवले आहे. चेताही त्याच पट्ट्यातून येत असल्याने, जोड असेपर्यंत नव्या नाकाला केलेला स्पर्श रुग्णाला कपाळावर झाल्यासारखा वाटतो. कपाळाची त्वचा नाकाच्या त्वचेशी रंगाने व पोताने जुळते, हा आणखी एक लाभ. उणीव होती ती आतल्या अस्तराची आणि कूर्चेच्या आधाराची. त्यामुळे असे नाक कालांतराने आकसे.

पत्रासोबतचे चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, काढलेल्या चित्रावरून कोरलेले होते. मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे मानले जाते. वेल्स त्या वेळी पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने काम करत होता. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची परिचित चित्रे त्याचीच, आणि गंगाराम तांबट हे पुण्याचे चित्रकार त्याच्या हाताखाली काम करत. चित्रात कावसजी समोर पाहतो आहे. नाक भरलेले आहे, कपाळावर व्रण दिसतो. हात परत मिळणारा नव्हता.

ही शस्त्रक्रिया म्हणजे सुश्रुतसंहितेतील पद्धतच, असे सर्रास लिहिले जाते. ते जसेच्या तसे खरे नाही. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचे पान घेऊन त्या मापाची त्वचा गालावरून, जोड राखून, घेण्यास सांगितले आहे. कपाळाचा उल्लेख नाही. जोड राखण्याचे तत्त्व एकच आहे, जागा बदललेली आहे. हा बदल ग्रंथ वाचणाऱ्या वैद्यांनी नव्हे, तर हाताने काम करणाऱ्या कारागीर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून केला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. युरोपात इटलीच्या तालियाकोत्सी याने १५९७ साली दंडाच्या त्वचेचे नाक करण्याची पद्धत ग्रंथित केली होती. तीत रुग्णाला हात डोक्याशी बांधून आठवडेच्या आठवडे काढावे लागत, आणि पुढे ती मागे पडली.

पुण्याचा वृत्तान्त वाचून लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्पू यांनी मृतदेहांवर सराव केला, १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये अशा दोन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. बर्लिनच्या ग्रेफे यांच्या १८१८ सालच्या ग्रंथाने जर्मनीत या विद्येला गती दिली. युरोपात तिचे नाव ‘भारतीय पद्धत’ असे पडले.

कर्करोगात किंवा अपघातात नाकाचा मोठा भाग गेल्यास आजही कपाळाच्या त्वचेचा वापर होतो. आतून अस्तर आणि कानाची किंवा बरगडीची कूर्चा घातली जाते, धमनीची जागा लहानशा ध्वनियंत्राने तपासली जाते, टाके केसाहून बारीक असतात. भुवईपाशी ठेवलेला जोड मात्र साधारण तीन आठवड्यांनीच कापला जातो.